निंजा गायडेन २ : अवघड की नुसताच खाष्ट?

रात्रपाळी
मंडळी, सध्या 'निंजा गायडेन २ ब्लॅक' खेळतोय. २०२५ च्या जानेवारीत आलेली, अनरियल इंजिन ५ वर नव्याने उभी केलेली आवृत्ती. मूळ खेळ २००८ चा, एक्सबॉक्स ३६० वरचा. तो मी खेळलेलो नाही.

तलवारबाजी भन्नाट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. रियु हायाबुसा जितक्या चपळाईने हलतो तितकं चपळ पात्र मी दुसऱ्या कुठल्या खेळात चालवलेलं नाही. पण काही प्रसंगांत डोकंच फिरतं. अरुंद बोळ, समोर चार निंजा, कॅमेरा भिंतीला चिकटलेला आणि पडद्याबाहेरून कुणीतरी रॉकेट सोडतो. मी मेलो हे कळतं, कशाने मेलो ते कळत नाही.

तर प्रश्न दोन. हा खेळ खरंच अवघड आहे की अन्याय करतो आणि लोक त्यालाच अवघड म्हणतात? आणि जुने खेळाडू सारखे 'मूळ दोन नंबर खेळ' म्हणतात, त्यात एवढं काय आहे?

भालदार
लढाई एक नंबर, कॅमेरा जन्माचा वैरी. माझ्याकडून विषय संपला.

टवाळ_कार्टं
भालदार, धागा आत्ताच उघडलाय, लगेच कुलूप काय लावताय? अजून 'सिग्मा' (याच खेळाची नंतरची बदललेली आवृत्ती) हा शब्द निघाला नाही. तो निघाला की बघा कशी जुंपते ते. मी कोपऱ्यात बसलोय.

इझुना
रात्रपाळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे, पण ते दोन्ही एकमेकांत कसे गुंतलेत ते सांगते.

हात-पाय तुटणं हे या खेळात नुसतं रक्त दाखवण्यासाठी नाही. सगळी लढाई त्यावर उभी आहे. साध्या वारांच्या मालिकेत शत्रूचा हात किंवा पाय उडतो. उडाला की तो शत्रू अर्धमेला होत नाही, उलट पिसाळतो. पाय तुटलेला 'काळा कोळी' टोळीचा निंजा सरपटत येतो, रियुला धरतो आणि स्वतःसकट उडवून देतो. म्हणजे जखमी माणूस धडधाकट माणसापेक्षा जास्त धोकादायक. पण त्याच क्षणी तो तुमच्या हातात आयता सापडलेलाही असतो. जवळ जाऊन जड वाराचं बटण दाबलं की एका फटक्यात खेळ खलास. तो घाव चालू असताना रियुला काही लागत नाही.

आता बघा काय होतं. सहा जण अंगावर आलेत. एकाचा हात गेलाय, एकाचा पाय गेलाय, चौघे ठणठणीत. आधी कुणाला संपवायचं हा निर्णय दर दोन सेकंदांनी बदलतो. ढाल धरून एकेकाला ठोकत बसणाऱ्याला हा खेळ जगू देत नाही, सतत पुढे जावं लागतं. दुसऱ्या कुठल्या मारधाडीच्या खेळात जखमी शत्रूला इतका अर्थ दिलेला मी पाहिला नाही.

आणि हे जमायचं तर शत्रू भरपूर हवेत. शत्रू भरपूर म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे पडद्याबाहेरचे हल्ले. मजा आणि मनस्ताप एकाच विहिरीतून येतात.

भालदार
इझुना, हे सगळं कबूल. पण कॅमेऱ्याचं काय? ती विहीर कुणी खणली?

इझुना
कॅमेऱ्याचं समर्थन मी मुळीच करत नाही. बंबूंचा पूर आणि मोकळं मैदान असेल तर काही वाटत नाही, पण असा खेळ बोळात आणून ठेवणं हा सरळ सरळ गाढवपणा आहे.

टवाळ_कार्टं
बंबूंचा पूर??

इझुना
शत्रूंचा. फोनचा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लिहितो. :)

कंट्रोलरतोड्या
मला बोलू द्या, बऱ्याच दिवसांचं साठलंय.

१. स्फोटक शुरिकेन, म्हणजे फेकून मारायच्या चकत्या. वरच्या काठिण्यपातळीवर, म्हणजे मेंटॉर आणि मास्टर निंजावर, यांचा पाऊस पडतो. एक मारून वळेपर्यंत तिघांनी फेकलेल्या असतात. स्फोटाने रियु कोलमडतो, उठेपर्यंत पुढची तयार. याला अवघड म्हणायचं नाही, हा छळ आहे.

२. आर्माडिलो. तो भला थोरला चिलखती प्राणी. घाम गाळून त्याला मारला, कंट्रोलर खाली ठेवला, हुश्श केलं, आणि तो मेल्यावर फुटला. त्या स्फोटात रियु गेला. पुन्हा पहिल्यापासून. फुटणार याची आधी काडीचीही सूचना नाही. ढाल धरून उभं राहिलं तर वाचता म्हणे. कोण धरून उभं राहतं मेलेल्या प्राण्यासमोर ढाल?

३. पाण्यातले प्रसंग. ज्या माणसाचं सगळं बळ पायांत आहे त्याला पोहायला लावायचं कशाला?

४. तेच बॉस परत परत. गेन्शिन पहिल्यांदा भेटला तेव्हा अंगावर काटा आला, नंतर नंतर 'अरे तू परत?' असं झालं.

टवाळ_कार्टं
'कोण धरून उभं राहतं मेलेल्या प्राण्यासमोर ढाल' हे वाक्य मी सही म्हणून लावणार आहे. परवानगी गृहीत.

अण्णा_३६०
मूळ खेळ आला तेव्हापासून खेळतोय, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

२००८ च्या जूनमध्ये आला. टीम निंजाने बनवला, दिग्दर्शक तोमोनोबु इतागाकी, प्रकाशक मायक्रोसॉफ्ट. त्याआधीचा २००४ चा पहिला भाग आणि त्याची २००५ ची 'ब्लॅक' आवृत्ती जास्त शिस्तीची होती. तिथे एकेक शत्रू म्हणजे एकेक परीक्षा. दुसऱ्या भागात इतागाकीने शिस्त सोडली आणि वेग धरला. लढाई संपली की तब्येतीचा काही भाग आपोआप भरून येतो, फक्त लाल झालेला पट्टा औषधाशिवाय परत येत नाही. खेळ जतन करायच्या मूर्तीशी पहिल्यांदा गेलात की पूर्ण बरे होता. म्हणजे दोन लढायांच्या मध्ये खेळ तुमचे लाड करतो आणि लढाईत मात्र गळा धरतो. ज्यांना पहिल्या भागाची सवय होती त्यांना हे सुरुवातीला पचलं नाही.

आता तो प्रसिद्ध जिना. लांबच लांब पायऱ्या, आणि वरून निंजा येतच राहतात. एकाला मारा, दोन येतात. पायऱ्यांवर तुटलेले हात-पाय तसेच पडून राहतात, गायब होत नाहीत. ३६० ला हे झेपायचं नाही. सगळा खेळ मंदावायचा, जणू कुणी मुद्दाम संथगती लावलीय. तांत्रिक दृष्टीने हा सरळ दोष. पण त्या मंदपणात कुणाचा हात कुठे तुटतोय हे दिसायचं आणि निवांत पुढचा घाव ठरवता यायचा. पुढे एक्सबॉक्स वन एक्सवर हाच खेळ चालवला, तिथे मंदावणं गेलं. तेव्हा कळलं की लढाई मुळात किती वेगवान आहे. मला दोन्ही आवडतात, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.

'२ ब्लॅक' आली तेव्हा तिचा सांगाडा मूळ खेळाचा नव्हता, सिग्मा २ चा होता. रक्त परत आणलं, चित्रं देखणी केली, पण एका वेळी येणारी माणसं मूळ खेळाइतकी नव्हती. तुम्हाला 'एवढं काय आहे' हा प्रश्न पडतो तो त्यामुळेच.

टवाळ_कार्टं
निघाला! सिग्मा निघाला! घड्याळ लावा.

मधलीवाट
घड्याळ कशाला, मी आलेच.

सिग्मा २ ला शिव्या देणं ही एक पद्धतच पडलीय. ती २००९ ची, प्लेस्टेशन ३ वरची. इतागाकीने कंपनी सोडल्यावर योसुके हायाशी यांच्या हाताखाली झाली. रक्ताऐवजी जांभळं धुकं उडतं, ते हास्यास्पद आहे, मान्य. पण बाकीचं बघा. रॉकेटवाल्यांचा त्रास कमी केला. चित्राचा वेग धरून ठेवला. आयाने, मोमिजी आणि रेचेल ही पात्रं घेऊन खेळता येतं. दोघांनी मिळून खेळायच्या मोहिमा दिल्या. कंट्रोलरतोड्यांनी वर जेवढ्या तक्रारी केल्या त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर कुणीतरी बसून विचार केला होता.

मूळ खेळाच्या भक्तांना अन्यायाचंच कौतुक आहे. 'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा.'

अण्णा_३६०
मधलीवाटताई, सोसण्याचं कौतुक नाही हो. सिग्मात माणसं कमी केली आणि उरलेल्यांची ताकद वाढवली. त्याने काय झालं? सहा जणांच्या गर्दीत हात-पाय पटापट तुटायचे आणि निर्णय घ्यावे लागायचे. तीन दणकट शत्रूंमध्ये तुम्ही तेच तेच वार करत बसता. इझुनांनी जो नियम सांगितला त्याचा श्वासच कोंडला. त्रास कमी झाला, त्याबरोबर मजाही गेली.

मधलीवाट
तुमची गेली असेल. मी सिग्मा २ पुरी केली आणि दुसऱ्यांदा रेचेल घेऊन हिंडले. मला कुणी श्वास कोंडलेला दिसला नाही.

इझुना
दोघांनीही जरा थांबा. मधलीवाट म्हणते त्यात एक गोष्ट खरी आहे. मूळ खेळाचा शेवटचा एक-तृतीयांश भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. खोल्या ओसाड, बॉसची रांग, उगाच जागेत कोंबलेले शत्रू. भक्त मंडळी त्यावर कधी बोलत नाहीत. सुरुवातीचा टोकियो आणि न्यूयॉर्क ज्या निगुतीने केलेत तशी निगुती शेवटी दिसत नाही.

निळू_फुले_नव्हे
अवांतर : कथा कुणी लक्षात ठेवलीय का? एक सीआयएची बाई येते, तिचं नाव सोनिया. मग राक्षस. मग फुजी पर्वत. मग अजून राक्षस. मी सगळे चित्रपटासारखे तुकडे टाळत गेलो आणि काही बिघडलं नाही.

शर्वरी_के
@निळू, सोनियाच्या कपड्यांबद्दल कथाकारांनी जेवढा विचार केला त्याच्या निम्मा जरी संवादांवर केला असता तर कथा लक्षात राहिली असती. मला हा खेळ मनापासून आवडतो, पण बाई पडद्यावर आली की कॅमेरा कुठे जातो ते बघून दर वेळी डोळे फिरवते. त्याच कॅमेऱ्याला बोळातला रॉकेटवाला मात्र सापडत नाही!

भालदार
शर्वरी :)) धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

टवाळ_कार्टं
माझी सही बदलावी लागणार.

बाबा_ऑनलाइन
एक गंभीर शंका. मुलगा बारा वर्षांचा, मित्राकडे बघून आला आणि मागे लागलाय. देऊ का?

शर्वरी_के
नको. युरोपात याला १८ चं मानांकन आहे आणि ते उगाच दिलेलं नाही. वर इझुनाने लिहिलंय ना, मुंडकी आणि हात-पाय तोडणं हाच खेळाचा गाभा आहे. रक्त बंद करून खेळ तोच राहील असा हा प्रकार नाही.

बाबा_ऑनलाइन
धन्यवाद. आता घरात मीच खलनायक.

कंट्रोलरतोड्या
बाबा, त्याला आर्माडिलोपर्यंत नेऊन सोडा, आपणहून सोडून देईल.

अण्णा_३६०
थोडं इतागाकीबद्दल, कारण त्याशिवाय या खेळाचा स्वभाव कळत नाही. काळा गॉगल, कातडी जाकीट, आणि मुलाखतीत कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारा माणूस. खेळ बाजारात येत होता त्याच सुमारास त्याने टेक्मो (टीम निंजाची मूळ कंपनी) सोडत असल्याचं जाहीर केलं आणि थकलेल्या बोनसवरून कंपनीवर दावा लावला. तुमच्या हातात डिस्क पडते तेव्हा बनवणारा दार आपटून निघालेला असतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला, आणि त्याच महिन्यात मालिकेचा चौथा भाग आला, प्लॅटिनमगेम्स आणि टीम निंजा यांनी मिळून केलेला.

मधलीवाट
इथे मात्र सहमत. त्याच्या आडमुठेपणाशिवाय हा खेळ असा झालाच नसता. २०१२ चा तिसरा भाग सगळ्यांना खूश करायला निघाला आणि कुणालाच आवडला नाही.

निळू_फुले_नव्हे
मधलीवाट आणि अण्णा सहमत? तारीख लिहून ठेवा रे.

इझुना
बरं, रात्रपाळी मूळ प्रश्न विचारून गायब झालेत, पण नव्याने खेळणाऱ्यांसाठी काही उपयोगी लिहून ठेवते.

शत्रू मेला की त्यातून रंगीत गोळे निघतात. पिवळे पैशांचे, निळे तब्येतीचे, लाल निन्पोचे, म्हणजे जादूचे. सवयीने आपण ते लगेच गोळा करतो. करू नका. ते जमिनीजवळ तरंगत असताना जड वाराचं बटण दाबून धरलं की रियु ते शोषून घेतो आणि मोठा वार एरवीपेक्षा फार लवकर तयार होतो. सोडला की समोरचे दोघे-तिघे कापले जातात, आणि त्या दरम्यान रियुला काही होत नाही. ते मेले की पुन्हा गोळे, पुन्हा वार. हवेतून जमिनीवर टेकता टेकता बटण धरलंत तर आणखी लवकर जमतं. हे चक्र ज्या दिवशी हाताला लागतं त्या दिवसापासून गर्दी हवीहवीशी वाटायला लागते.

रॉकेटवाले दिसले की आधी त्यांच्याकडे धाव. उडत जाऊन मुंडकं छाटणारा तो 'फ्लाइंग स्वॅलो' वार त्यासाठीच आहे. आणि निन्पो बॉससाठी जपून ठेवू नका. जादू चालू असताना मार लागत नाही, तेव्हा अडचणीत सापडलात की वापरून मोकळं व्हायचं.

भालदार
शस्त्रांबद्दल पण लिहा की. एक्लिप्स सायद हातात आलं की मी तलवार विसरतो. कोयत्याच्या एका घेरात अर्धी खोली रिकामी.

शर्वरी_के
मी ल्युनर स्टाफवाली. लाठी ती लाठी. बोळात नाही चालत, पण मोकळ्यावर तिच्यासारखं काही नाही. टोन्फा मात्र कुणाला सांगू नका, फार लवकर मारतात, सगळे तेच घेतील.

कंट्रोलरतोड्या
व्हिगूरियन फ्लेल कुणीच कसं म्हणालं नाही? हात-पाय उडवायला त्याच्या तोडीचं काही नाही.

रात्रपाळी
गायब नव्हतो, कामावर होतो. आयडी उगाच नाही घेतला. :)

इझुना, तुमची गोळ्यांची युक्ती वापरून काल न्यूयॉर्क पुन्हा खेळलो. एका गल्लीत पाच जण होते. पहिल्याला कापला, गोळे तसेच राहू दिले, बटण धरलं. दुसरा पाय तुटलेला सरपटत येत होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. तो धरणार इतक्यात वार सुटला आणि तो धरून तिघे गेले. परत गोळे. पाचवा एकटा उरला तेव्हा मीच त्याच्या मागे धावत होतो. अशी लढाई आधी मी खेळलोच नव्हतो.

मग लगेच पुढच्या दारात रॉकेट. पडद्याबाहेरून. मेलो.

म्हणजे माझ्यापुरतं उत्तर असं : माणसांशी लढताना हा खेळ अवघड आहे आणि न्यायाने वागतो. रॉकेट, स्फोटक शुरिकेन आणि बोळातला कॅमेरा आला की सरळ अन्याय. अण्णा, मूळ खेळ मिळवून बघायचाय. आजच्या एक्सबॉक्सवर चालतो का?

अण्णा_३६०
चालतो. जुन्या खेळांच्या सुसंगत यादीत आहे, सिरीज एक्सवरही चालतो. फक्त २०२१ चा 'मास्टर कलेक्शन' घेऊन फसू नका, त्यात दुसरा भाग म्हणून सिग्मा २ च आहे. वॉरियर पातळीवर सुरू करा. अकोलाइटवर, म्हणजे त्याखालच्या पातळीवर, गर्दीचा अंदाजच येत नाही.

मधलीवाट
'फसू नका' म्हणे! त्या कलेक्शनमध्ये तीन खेळ आहेत आणि तिन्ही धड चालतात. रात्रपाळी, दोन्ही घ्या आणि इथे येऊन सांगा. मी वाट बघतेय.

कंट्रोलरतोड्या
आणि आर्माडिलो मेल्यावर ढाल धरा. निदान तुम्ही तरी वाचा.

टवाळ_कार्टं
रात्रपाळी, कंट्रोलर एकच आहे की जास्तीचा आणून ठेवलाय?